तुला येतं त्यात कर

अरे, ऐका ना! काल घशाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक आई, तिची मुलगी आणि मुलगा. ऑपरेशनमध्ये आईचा आवाज गेलेला. आणि त्या बहीण-भावाचं हे असं चाललेलं:

“काय रे, आईचं अ‍ॅप झालं एकदाचं?”

“झालं ताई! ती टाइप करते, फोन बोलतो. तिच्या अँड्रॉइडवर आणि तुझ्याकडे आली की तुझ्या आयफोनवरही.”

“म्हणजे दोनदा केलंस?”

“छे गं! एकटा माणूस मी. एकदाच लिहायचं, दोन्हीकडे चालतं.”

“मग महिनाभर काय करत होतास?”

“अ‍ॅप लिहायला फ्लटर घेऊ की रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, ते ठरवत होतो. फ्लटर खुणावत होतं, पण त्याची भाषा नव्याने शिकावी लागली असती.”

“स्वतःचं लग्न एका दुपारात ठरवलंस, आणि याला महिना?”

“तेच ना! शेवटी आईनेच पाटीवर लिहिलं, ‘तुला येतं त्यात कर. मला बोलायचंय.’ मग काय, जावास्क्रिप्ट ही भाषा येतच होती. मुकाट्याने तिच्यावर चालणारं रिअ‍ॅक्ट नेटिव्ह घेतलं.”

“फार बरं केलंस रे. काल तिने मला स्वतः फोन केला.”

“काय म्हणाली?”

“‘जेवलीस का?’ म्हणाली.”

तेवढ्यात नर्सने हाक मारली, “या काकू! आवाजाचं कसं काय?”

आईने सावकाश टाइप केलं. फोन बोलला:

“घरीच शिवलाय. लेकाने. जरा जाडा झालाय, पण मापात बसतोय.”