सातचा काढा

लॅबच्या बाकावर शिवणकामवाल्या काकू भावाच्या रिपोर्टची वाट बघत होत्या. शेजारी आजींसोबत बसलेल्या आजोबांची मात्र रिपोर्ट वाचून कळी खुलली.

"लिव्हर सुधारलं बघ! तुझ्या वनौषधीच्या काढ्याची कमाल."

"आणि पथ्याची. सातला काढा, मग दहापर्यंत पाण्याशिवाय काही नाही."

"नेमकी माझी बाटली उघडायची वेळ!"

"औषधालाही वेळकाळ असतो हो."

काकूंना राहवेना. त्यांनी मापांची वही उघडली. "आजी, त्या वनस्पतीचं नाव सांगा ना. भावाचंही असंच आहे."

आजींनी चोरून नवऱ्याकडे पाहिलं. "नाव ना... जरा अवघड आहे."

"अवघड कसलं? मेथी," आजोबा म्हणाले. "उकळलेल्या मेथीचं पाणी."

"अगंबाई! तुम्हाला ठाऊक होतं?"

"चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलं मी. मेथीचा वास कळणार नाही?"

"मग तीन महिने मुकाट्यानं प्यायलात?"

"तू रोज दहापर्यंत समोर बसून पत्ते खेळायचीस. बोललो असतो, तर उठून गेली असतीस."

"आणि आता बोललात ते? आज काय करणार?"

"सहा वाजलेत. चल लवकर, मेथी उकळायला वेळ लागतो."