तारखेआधीची दोन अक्षरं

हॅलो? … हो, टिनीच बोलतेय… कोण, योके? … अगं बोल ना. थांब जरा, हाताला शाई आहे, फोन खांद्यात धरते… हं. बोल आता.

… हो.

… हो, माहीत आहे मला.

… अगं, शनिवारपासून माहीत आहे. मी आज तुला फोन करणारच होते. … काल? काल रविवार होता, योके, देवाचा वार. तू केला असतास तरी मी उचलला नसता. … हो, घराला आग लागली असती तर उचलला असता. ही आग नाहीये, लग्नपत्रिका आहे. … बरं, चुकलं. तुझ्यासाठी आगच आहे. ओरडून घे. शेडमध्ये मी आणि हे छपाईचं मशीन, दुसरं कोणी नाही. दोघींना सवय आहे.

… नव्वदच्या नव्वद? असणारच की. एकाच जुळवणीवर छापलीत. एकावर असेल तर सगळ्यांवर असणार.

फेना काय म्हणाली? … हसली? … मग नवरी हसतेय तर नवरीची आई का… बरं, बरं. … थाइसच्या आईने विचारलं? … काय? … डीजेचं नाव? डी.व्ही. म्हणजे डीजेचं नाव वाटलं त्यांना? … नाही ग, हसत नाहीये. ठसका लागला. … मग तू काय सांगितलंस विहीणबाईंना? … ‘आमच्या गावाकडची पद्धत आहे’? एवढंच? लॅटिनमध्ये ‘देवाची इच्छा असेल तर’ असा अर्थ होतो, हे म्हणायला तुझी जीभ झडणार होती का? उर्कसारख्या देवभीरू गावात वाढलीस तू. चार वर्षांची असल्यापासून तुला माहीत आहे ती दोन अक्षरं कशासाठी असतात.

… मुद्दाम? मी? … नाही. … योके, ऐक. आपण शपथ घेत नाही, तेवढं तूही विसरली नसशील. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. तर, नाही. मुद्दाम नाही केलं.

अगं ऐक ना… फेनाने मला स्क्रीनवर सगळं आखून पाठवलं होतं. वर दोघांची नावं, मग ती भलीमोठी तारीख, खाली पत्ता. आणि आपल्याकडे जिथे बायबलातलं वचन असतं, तिथे तो काळा-पांढरा चौकोन, मोबाइलने टिपायचा. मी एक शब्द बोलले का? चौकोन तर चौकोन. … नाही, कुरकुर नाही केली. उलट मला आवडला तो. लोक पत्रिकेवर मान वाकवून, दोन्ही हातांत फोन धरून, गप्प उभे राहतात. आमच्या चर्चमध्ये हल्ली इतकं मनापासून कोणी वाकत नाही.

… बिअरबद्दलही नाही बोलले! ज्या जुन्या चर्चमध्ये आता बिअर मिळते, त्या हॉलमध्ये लग्न आहे, ठीक आहे. निदान छत तरी ओळखीचं असेल.

मग गुरुवारी अक्षरांचे खिळे जुळवायला बसले. ‘शुक्रवार, बारा जून’ जुळवायचं. आणि शुक्रवारच्या आधी माझा हात आपला आपण डीच्या खणात गेला. मग व्हीच्या. एकतीस वर्षं तेच करतेय ग तो. या शेडमधून आपल्या गावातली एकही पत्रिका त्या दोन अक्षरांवाचून बाहेर पडली नाही… एक सोडून. … हो. तीच. येते तिच्यावर. … येते म्हटलं ना!

… वाचलं की प्रूफ! तीनदा वाचलं. थाइसच्या आडनावात किती स्वर आहेत ते मोजले. पण हे दिसलंच नाही. रोजच्या जाण्यायेण्यातला दरवाजा आपण कुठे बघतो? तसं.

… ‘आजकाल कोण मानतं’? कोण मानतं ते सांगू? ती ॲमस्टरडॅमची जोडी आठवते, साथीच्या वर्षातली? तीनदा तारीख बदलली बिचाऱ्यांनी. तीनदा मी छापली. वर्षभर आधी ‘तारीख राखून ठेवा’ म्हणून वेगळं कार्ड पाठवलं होतं, जशी काही तारीख विकतच घेतली होती. चौथ्या खेपेला ती पोरगी फोनवर म्हणते, टिनी, तुम्ही लोक तारखेच्या आधी ते काहीतरी घालता ना, ते घाला. मी म्हटलं, अगं, तू देव मानत नाहीस. तर म्हणे, नाही मानत, पण आता तारीखही मानत नाही. … बघ, हसलीस. … हसलीस, ऐकलं मी.

हो, हो… छापते ना परत. कागद मागवलाय. बुधवारी येईल, गुरुवारी छापते, शुक्रवारी… शुक्रवारी तुझ्या दारात. काही लावत नाही पुढे, घाबरू नकोस. … अगं, पैसे कसले विचारतेस, भाचीचं लग्न आहे.

पण योके, एक कार्ड माझ्या हातून गेलंय.

… बाबांचं.

… शुक्रवारीच नेऊन दिलं. फेनाच म्हणाली होती, आजोबांचं पोस्टाने नको, मावशी, तू हातात दे. पाकीट बंद होतं, मी कशाला उघडून बघू? शनिवारी मासे द्यायला गेले तर बाबा काळा कोट ब्रश करत होते. … तोच, चर्चचा. मी म्हटलं, कोण गेलं? तर म्हणाले, ‘कोणी गेलं नाही. जूनमध्ये उट्रेख्टला जायचंय. फेनाच्या लग्नाला.’

… हो.

… हो ग, स्वतःहून. मी विचारलंही नव्हतं.

… योके? … आहेस ना?

… हो ना, अठ्ठावीस वर्षं! माझ्या टेबलाशी तुझ्याबरोबर कॉफी पितील, तुझ्या नवऱ्याशी, रॉबशी, इंजिनांवर तासभर बोलतील, माझ्या अंगणात फेनाला सायकल शिकवतील. पण तुझ्या लग्नाला आले नाहीत की तुझ्या घराचा उंबरा ओलांडला नाही. आणि आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी कोटाच्या बाहीवरचा एकेक केस वेचत होते. मी इतकी खूश झाले ना… आणि तेवढ्यात कपाटावर आईच्या फोटोला टेकवलेली पत्रिका दिसली. आणि तारखेच्या आधी… ती दोन अक्षरं.

म्हणजे बघ ना. त्यांना वाटलं असणार, नातीने घातलं. योकेच्या पोरीने, चर्चची पायरी न चढलेल्या पोरीने, आपल्यासाठी घातलं. म्हणून निघाले. आणि ते फेनाचं नव्हतंच. माझ्या हाताचं होतं.

… काय? … राहू दे? … योके, पाच मिनिटांपूर्वी तू मला फाडून खात होतीस! … बाबांचं तेवढं राहू दे आणि बाकीची बदल? … त्यांना सांगू नको?

… अगं, मीही तेच ठरवलं होतं. काल, चर्चमध्ये बसून! चार पेपरमिंट चघळले, उपदेशातला शब्द डोक्यात शिरला नाही. सगळं गाव डोळे मिटून प्रार्थना करतंय आणि ही बाई सख्ख्या बापाला फसवायचा बेत करतेय. वर हॅट घालून.

… नाही. … नाही जमलं. … सांगितलं.

… आज सकाळी. आठला शेडमध्ये आले, कॉफी प्यायला. उट्रेख्टला गाडी कुठे बदलायची ते विचारत होते. आणि त्या हॉलमधल्या खुर्च्यांना पाठ आहे का. इतकं बारीक विचारत होते ग… मला राहवेना. म्हटलं, बाबा, ती अक्षरं फेनाने नाही घातली. माझ्या हातून चुकून पडली. पोरीला नको होती.

… रडू नकोस, आधी ऐक. … अगं ऐक ना!

… कॉफी संपवली. बिस्किटाचा चुरा बोटाने टिपून खाल्ला. मग म्हणाले, ‘ठाऊक आहे मला.’

… हो! म्हणाले, ‘त्या व्हीचा पाय तुटलाय. उर्कमधल्या प्रत्येक पत्रिकेत तुटका असतो. तुझ्या खणातला आहे तो. पोर काय स्वतः छापायला बसली होती?’

… शुक्रवारीच कळलं होतं त्यांना! पाकीट उघडल्या उघडल्या. आणि तरी शनिवारी कोट काढला. … तेच तर सांगतेय मी तुला मघापासून, तू बोलू देतेस कुठे!

… मी विचारलं ना. म्हटलं, मग येताय ते कसे? तर म्हणाले, ‘पोरीला हवं तसं नीट छापून दे. माझ्या कार्डावर मी पेन्सिलीने लिहीन. येणार मी आहे. तिथवर पोचायला देवाची मर्जी मला लागणार आहे, तिला नाही.’

… हो, अगदी असंच. त्या आवाजात.

तुला आठवतं ना, सोमवारी मासेमारीच्या बोटीवर निघताना बाबा दारात काय म्हणायचे? ‘शुक्रवारी येतो, देवाची इच्छा असेल तर.’ आणि बोट बंदरात दिसल्याशिवाय आई बटाटे चुलीवर चढवायची नाही. त्यांच्यासाठी ही पद्धत नव्हती योके, भीती होती. आपण दोघी मात्र कंटाळायचो ऐकून. आणि एकेचाळीस वर्षं, दर शुक्रवारी, आले ग ते घरी. शेजारच्या दोन घरांतले पुरुष नाही आले. मला आज सकाळपासून नुसते आभार मानावेसे वाटताहेत. कोणाचे ते तुला सांगत नाही, परत भांडशील.

… आता तुझी पत्रिका. … नको कसं? म्हटलं होतं ना, येते तिच्यावर.

तू म्हणाली होतीस, टिनी, माझ्या तारखेआधी काही नको. मी तेव्हा नवशिकी. ती दोन अक्षरं बोटांत धरली होती, आणि परत खणात टाकली. मला तेव्हाच कळलं होतं बाबा येणार नाहीत म्हणून. तुलाही सांगितलं नाही, त्यांनाही समजावलं नाही. तू भित्री म्हणाली असतीस, ते दुबळी म्हणाले असते. गप्प राहिले. ते मला आजवर खातंय.

… तू दिलंस तसंच छापलं, हो. … माझा दोष नाही म्हणतेस? … बरं वाटलं ऐकून. थँक्यू. अठ्ठावीस वर्षांपूर्वी सांगायचं होतंस ना, बये.

पण ऐक, बाबांचं संपलं नव्हतं. कोट घालून दारापर्यंत गेले आणि वळले. म्हणाले, ‘योकेची आहे का तुझ्याकडे?’ … तुझी पत्रिका! तुझ्या लग्नाच्या आधी माझ्या टेबलावर आणून ठेवली होती ना त्यांनी, न बोलता. मी टाकली थोडीच. खालच्या खणात होती, दिली काढून. चष्मा लावला, वाचली. पूर्ण वाचली, छापखान्याच्या पत्त्यासकट. मग म्हणाले, ‘तेव्हाही घरात पेन्सिल होती माझ्याकडे.’

… हो.

… अगं, एवढंच नाही. माझ्या कानावरची पेन्सिल मागितली. इथे, याच बाकावर कागद ठेवून, तुझ्या तारखेच्या आधी लिहिलं. डी. व्ही. व्ही वाकडा आलाय. मी म्हटलं, बाबा, ही तारीख तर केव्हाच होऊन गेली. तर म्हणाले, ‘झालं ना लग्न? टिकलं ना? मग त्याची इच्छा होतीच. माझी नव्हती.’

…

… योके.

… रड. रड बाई. मी आहे इकडे. घाई नाही मला.

… नाही, पोस्टाने नाही पाठवणार मी ती. हरवली तर? तू ये. रॉबला घेऊन ये. शनिवारी ये, आणि बाबांना सांग, ‘आमच्या घरी कॉफीला चला, जूनपर्यंत कशाला थांबायचं.’ … येतील. आज विचारलंस तर आजही येतील. कोट अजून अंगावर आहे त्यांच्या, गल्लीत सगळ्यांना खुर्च्यांबद्दल विचारत फिरताहेत.

… आहे का पाठ खुर्च्यांना? … बरं, सांगते. फार मोठं काम झालं.

चल, शनिवारी मग. अकराला. … काय? … काय म्हणालीस? … नाही, ऐकू आलं होतं. ‘देवाची इच्छा असेल तर.’ तुझ्या तोंडून परत एकदा ऐकायचं होतं. … हो, हो, सवयीने आलं, माहीत आहे. माझ्याही हातून सवयीनेच आलं होतं.

… ठेवते. शाई वाळतेय.