मामाचा गहू, अभयचे केस

अभय : ‘मशीन खोटं बोलत नाही’ म्हणे! मग मी बोलतो का खोटं, ताई?

पूर्वा : ओरडू नकोस. तुझे केस मीच आमच्या लॅबमध्ये तपासले. आकडा मटण खाणाऱ्याचा आलाय.

अभय : सहा महिने अंड्याकडे बघितलं नाही! तपासायला हवेत म्हणून केसही कापू दिले नाहीस. पार अस्वल झालोय.

आई : पैज काय होती? सहा महिने एक गोष्ट धरून दाखव, मग शाळेचं नाव काढणार नाही, खुशाल मोबाईल रिपेरिंग शीक.

अभय : धरली ना!

आई : शाळा सोडलीस, तबला सोडलास. कराटे तर ड्रेस शिवून आला त्या दिवशी सोडलंस. आणि हे धरलंस?

पूर्वा : हे बघ. जड नायट्रोजन असतो एक. मटण-मासे खाणाऱ्यांच्या केसात जास्त सापडतो. ही शाकाहाऱ्यांची रेघ. हा ठिपका तू. बराच वर.

अभय : आण इकडे. माझ्या शेजारी हा कोण?

पूर्वा : तो... आईचा. सहज घेतले होते तिचे केस.

अभय : वा! आईसाहेब, दहा वर्षं शाकाहारी ना आपण? कुठल्या हॉटेलात बसता?

आई : थोबाड फोडीन.

अभय : मशीन खोटं बोलत नाही.

पूर्वा : थांबा जरा. ही रेघ लॅबमधल्या शाकाहारी लोकांची. ते मार्केट यार्डातून आलेलं, युरियावरचं धान्य खातात. आपला गहू-तांदूळ मामाकडचा.

आई : मामा युरियाला शिवत नाही. रानात शेळ्या-मेंढ्या बसवतो. सगळं लेंडीखत.

पूर्वा : तिथंच घोळ! लेंडीखतात तो जड नायट्रोजन जास्त, युरियात कमी. खतातून गव्हात, गव्हातून केसात. मी खताचं विचारलंच नाही.

अभय : म्हणजे बोकड ताटात आलाच, फक्त मागच्या बाजूनं!

आई : शी! जेवतोय ना आपण?

पूर्वा : सॉरी, अभ्या. पण तू खाल्लं नाहीस, हेही यावरून कळत नाही.

अभय : झालं! मग आता?

आई : ईदला शहेजादकडे तुझे सगळे मित्र बिर्याणीवर तुटून पडले. तू शीरखुर्मा पिऊन उठलास. त्याच्या आईनं, मेहरुनभाभींनी तेव्हाच सांगितलं होतं मला.

अभय : मग मघापासून का बोलली नाहीस?

आई : कागदावर छापलेलं होतं ना रे.

अभय : बरं. निघतो आता. रिपेरिंगवाल्यानं दोनला बोलावलंय.

आई : अरे, पैजेचा निकाल तर आत्ता लागला!

अभय : तुमच्यासाठी. निघतो.