ओसरीवर कुत्रं खाकरलं

...आन कुत्रंच पायजे होतं ना, मंग परभणीत कुत्र्यांचा काय दुष्काळ पडला होता? तुमाला सांगतो, शिळ्या भाकरीचा तुकडा दाखवा, अर्धी गल्ली शेपूट हालवीत तुमच्या मागं! पन न्हाई, बन्सीधरला जातीचं पायजे. जातीचं! हा बन्सीधर म्हंजे विद्यापीठातला कारकून, साधा मानूस, फायल घेऊन एका प्रोफेसरच्या बंगल्यावर काय गेला, तिथल्या अल्सेशियननं ह्याला पंजा काय दिला... झालं! घरी येऊन बायकोला, सरजाबाईला, सांगायलाय, "डॉबरमन लय रागीट असतं, पामेरियन म्हंजे नुसता कापसाचा बोळा. आपल्याला अल्सेशियन पायजे. दारात बसलं की कसा रुबाब!"

सरजाबाई म्हनली, "त्याला रोज मटन लागतं म्हनं. आपल्याकडं बेसन-भाकर."

तरी गडी ऐकंना. पन अल्सेशियन आनायचं कुठून? ती पुन्या-मुंबईची चैन. मंग कुनीतरी सांगितलं, गंगाखेडच्या वाटंला एका सेठजीची पांजरपोळ हाय, म्हाताऱ्या गाई, लंगडे बैल सांभाळतेत, तिथं एक मोठं कुत्रं आलंय बिनमालकाचं. गेला सायकल हानीत! तिथला राखनदार मुंजाजी, जिभेला साखर लावलेला मानूस. म्हनतो कसा, "घ्या की सायब! बाप अल्सेशियन, माय कारवानी, शिकारी जातीची. एक कान बसलाय तेवढा सोडला तर बिलकुल विलायती!"

"चावतं का?"

"छ्या! भुंकत सुदिक न्हाई. खामोश हाय एकदम."

खामोश! अरे, खामोश कुत्रं कशाला आनतो मानूस? पन बन्सीधरनं आनलं.

भर दुपारचं ऊन. कुत्रं वाड्यात शिरलं, कुनाकडं बघितलं न्हाई, काय हुंगलं न्हाई, सरळ ओसरीवर चढलं आन कोपऱ्यात गेलं. तिथं आबासाहेबांचा तखतपोस, बसायचा लाकडी पलंग, असायचा. आबासाहेब म्हंजे बन्सीधरचे वडील, मागल्या साली वारले, तखतपोस बी काढून टाकला होता, नुसती मोकळी जागा. कुत्र्यानं तिथं गिरक्या घेतल्या, बसलं, दाराकडं तोंड केलं, आन... खँक्क! खाकरलं.

आता ह्यात काय, म्हनताल. पन आत चुलीपुढं बसलेल्या सरजाबाईनं, कोन हाय ते बघायच्या आत, डोक्यावर पदर वढला! सासरा असाच खाकरायचा वो. घरात शिरताना एकदा, चहा पायजे असला की एकदा, सुनेचं चुकलं की दोनदा! हात सवयीनं गेला, मंग तिच्या ध्यानात आलं, सासरा तर गेलाय. तव्यावरची भाकर काळी पडली तरी बाई हालली न्हाई. तुमी हसा, हसा! त्या घरात कुनी हसत नव्हतं.

मंग काय, सकाळ न्हाई, दुपार न्हाई, खँक्क! शेजारची कमलबाई इरजन मागायला आली, तिनं ऐकलं, वाटी जाग्यावर ठेवली आन कुत्र्याच्या पाया पडली. "अगं माय... आबासाहेब आले!" झालं! गल्ली जमा. एकानं नारळ आनला. एक म्हातारा पुढं सरकून म्हनतो, "आबासाहेब, माझी कुदळ नेली होती तुमी, ती कुठं ठेवली?" कुत्रं म्हनलं, खँक्क! म्हातारा म्हनला, "बगा, जिवंतपनी बी हेच उत्तर द्यायचे!"

हसा! पन बन्सीधरकडं बघायला पायजे होतं. त्याचं काय झालं होतं, आबासाहेबांचा जीव जायला लागला तवा हा हापिसात. सांगावा आल्यावर पळत आला, तवर वाचा गेलेली. म्हाताऱ्यानं ह्याच्याकडं बघून हात उचलला, गळ्याची घाटी हालली, नुसतं खँक्क झालं, आन संपलं. काय सांगायचं होतं? कुनालाच कळलं न्हाई. आता हा बाबा हापिस सोडून ओसरीवर कुत्र्यापुढं मांडी घालून बसायला लागला. "आबा, काय म्हनत होते तुमी?" खँक्क. "नीट ऐकू आलं न्हाई, आबा. अजून एकदा." खँक्क. दाढी वाढली, गाल बसले, कुनी हाक मारली तर वळंना.

शेवटी सरजाबाईनं गाठुडं बांधलं. "लगीन झाल्यापसून त्या खाकरन्याखाली वाकले मी. एकच साल ओसरीवर पाय पसरून बसले. आता पुन्ना पदर? मी चालले चारठान्याला माहेरी!"

"बाप हाय गं माझा!" बन्सीधर वरडला.

"बाप हाय ना? मंग बापाचं दुखनं तरी बघा! परवापसून घास गिळंना ते. पान्याला बी तोंड लावंना. नुसतं इचारत बसलाव, त्याचा गळा बघितला का कवा?"

आन खरंच, गल्लीत इतकी मानसं पाया पडून गेली, पन कुत्रं उपाशी हाय हे दिसलं कुनाला? जिला पळून जायचं होतं तिला!

गाठुडं राहिलं दारात, नवरा-बायको कुत्र्याला घेऊन जनावराच्या दवाखान्यात. सरजाबाईनं दोन्ही हातांनी जबडा फाकला, डॉक्टरनं बॅटरी मारली, चिमटा घातला, आन काढलं काय? कुसळ! गवताचं लांबलचक कुसळ, घशात रुतलेलं. पांजरपोळीतल्या कडब्यात तोंड घातलं असंल. कुत्र्यानं दोनदा घोट गिळला, बन्सीधरकडं बघितलं, आन पयल्यांदा भुंकलं. भो! नुसतं भो, कोनच्याबी कुत्र्यावानी.

तसा बन्सीधर दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसला. "आबा गेले गं, सरजा." चितेपुढं ह्याच्या डोळ्याला पानी आलं नव्हतं, तो आता लेकरावानी हुंदके द्यायला लागला. सरजाबाई म्हनली, "व्हय. गेले." खांद्यावरचा पदर तिनं डोक्यावर न्हाई घेतला, त्याच्या हातात दिला, डोळे पुसायला.

कुत्रं राहिलं घरातच. नाव ठेवलं टायगर. पन तुमाला सांगतो, गल्लीचं तोंड कोन धरनार? डॉक्टरनं कुसळ काढलं म्हनून काय झालं, एकदा पाया पडलेल्या कुत्र्याला हाड म्हनायची हिंमत हाय का कुनाची? भाकर पळवली तरी कमलबाई हात जोडते, "अवो आबासाहेब, निदान चटनी तरी ठेवा की!" आन बन्सीधर? रुबाब काय आला न्हाई, हापिसात साहेब त्याला अजून "ए बन्सी" म्हनतो. संध्याकाळी सायकल गल्लीत वळली की म्हातारी मानसं कुत्र्याकडं बघून सांगतेत, "आबासाहेब, पोरगा आला बगा तुमचा."

आन हा लेकाचा काय करतो? इकडं बघतो, तिकडं बघतो, चप्पल काढतो, आन हळूच म्हनतो, "आलो, आबा."