लाखोळीची डाळ अन् भावाचे पाय

रामटेकच्या पल्याड आमचं गाव, धानाचं. माही माय गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या वावरात रोजीनं जात होती, बाप माह्या आठवणीच्या आधीच गेला, घरात माय, मी अन् माह्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ नामदेव. तोच हा, खाटेवर बसला आहे, आयकून राहिला आहे सगळं. आयकू द्या. तुम्ही विहाराच्या महिला मंडळाकडून आल्या, माह्यावर लिहून सत्काराच्या दिवशी वाचून दाखवणार म्हणता, तं मी जसं बोलते तसंच लिहा ताई, गोड करू नका. गोड आयकून आयकून मले घिन आली आहे.

तं दुष्काळ पडला. मी बारा वर्षांची होती. पाणी आलंच नाही, धान उभ्या उभ्या वाळलं, विहिरीत नुसता गाळ. पण लाखोळी आहे न, ती मरत नाही, धानाच्या बांधीत जराशा ओलीवर बी येते, निर्लज्ज पीक आहे ते. मालगुजार मजुरी म्हणून लाखोळीच देत होता. तांदूळ नाही, काही नाही, संध्याकाळी पदरात लाखोळी टाकायची अन् जा म्हणायचं. त्याच्या घरी तुरीची डाळ शिजत होती, मायनं भांडे घासतानी पाहिली होती. लाखोळी त्याच्याकडं बैलाले, अन् बैलाले बी तो बेतानं देत होता, जास्त देल्ली तं बैल मागच्या पायानं लंगडते म्हणे. मंग काय सांगू तुम्हाले, त्याले माहीत नव्हतं काय? माणसाले देतानी त्याचा हात थांबला नाही. आजबी त्याचं नाव निघालं का मी थुंकते.

दोन्ही टाइम तेच. डाळ लाखोळीची, भाकर लाखोळीच्या पिठाची, घुगऱ्या लाखोळीच्या. म्हाताऱ्या बाया मायले सांगत होत्या, भिजव वं, शिजव, अन् ते पाणी फेकून दे, जहर त्यातच उतरते. पण माय दोन कोस चालून पाणी आणत होती, ती कायले फेकन? त्याच पाण्यात मीठ टाकून आम्हाले प्याले देत होती, पोटाले आधार म्हणून. लेकरायचं भलंच पाहिलं तिनं, अन् तिथंच चुकली.

आता माहं आयका. मले त्या डाळीचा वास सहन होत नव्हता. उग्र, कच्चा वास, घास तोंडात घेतला का ओकारी. माय मारन म्हणून मी बोलत नव्हती, तिची पाठ फिरली का माही डाळ, माही भाकर भावाच्या ताटलीत सरकवून देत होती. मी मोहाचे फुलं खाऊन, उंबरं खाऊन, चिचेचा पाला खाऊन राहत होती. भाऊ दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडे, त्याले कितीबी कमीच, देल्लं का खाऊन मोकळा. एक दिवस मायनं पाहिलं. रागावली नाही, तिच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाली, पोट्टी तोंडातला घास काढून भावाले देते. गावभर सांगतलं तिनं, अन् मी चूप राहिली.

थंडीत एक दिवस भाऊ सकाळी उठला तं पोटऱ्या आकडलेल्या. आठ दिवसात टाचा टेकेनात, चवड्यावर, पायात पाय अडकवत चालाले लागला, कैचीसारखा. आम्ही बौद्ध, तरी मायनं चोरून लिंबू उतरवला. मंग नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, लाखोळी बंद करा, पण गेलेले पाय काही येत नाही. माय म्हणाली, साहेब, बंद करते, मंग देऊ काय? गावात आणखी तसेच झाले, अन् त्यात बहुतेक पोट्टेच. काहून? पोट्टीले शेवटी वाढत होते, उरलं तं. हयगय झाली म्हणून पोरीयचे पाय वाचले, घ्या.

मंग माहं लग्न झालं, नागपूरले आली, माय गेली तसं भावाले इथं आणलं. माहा मालक भला होता, कधी काही बोलला नाही. मी हॉस्टेलच्या मेसमध्ये तीस वर्षं पोळ्या लाटल्या. भावाचं लग्न झालं नाही. एक स्थळ आलं होतं, पोरीच्या बापानं म्हटलं, अंगणात चालून दाखव, तो चालला, ते पाहुणे चहा न घेता गेले. आता साठी उलटली, पाय ताठ झाले, लघवी थांबत नाही, मीच धुते पुसते. अन् वस्तीतल्या बाया म्हणते, बहीण असावी तं शेवंताबाईसारखी, लहानपणापासून तोंडातला घास भावाले देते. हे बोलणं निघालं का मले माहीच घिन येते, ताई. मी ती डाळ मायेनं नाही देल्ली. मले नको होती म्हणून देल्ली. दारात कुत्रं असतं तं कुत्र्याले टाकली असती.

हे आजलोक मी त्याच्यासमोर बोलली नव्हती. पन्नास वर्षं होऊन गेले, हिंमतच झाली नाही, आज तुमच्या निमित्तानं बोलली. बोल न गा भाऊ, शिव्या दे, जे वाटते ते बोल.

आयकलं काय ताई, काय म्हणते तं? म्हणते, बाई, मी तुह्या ताटलीकडंच पाहत बसत होतो, तू नसती देल्ली तं हिसकून घेतली असती. म्हणते, त्या साली अख्ख्या गावात पोट भरून जेवणारा मी एकटाच होतो.

शिव्या देल्ल्या असत्या तं मी मोकळी झाली असती. आता हे घेऊन मी कुठं जाऊ? लिहा, हे बी लिहा. सत्काराले आम्ही दोघं बी येतो, पण पहिले हे सगळं माइकवर वाचा, मंग बायायले वाटलं तं शाल द्या, नाही वाटलं तं राहू द्या. तुमचं भलं होवो ताई, अन् तुमच्या लेकरायवर असं पोट भरायची पाळी कधी न येवो.