फोटोतला भाऊ

हॅलो?… हॅलो, कोण?… ताई, तू होय! थांब, इस्त्री बंद करते… हं, बोल… नाही गं, आई झोपली नाहीये. समोरच बसलीये, खिडकीपाशी. आणि मांडीवर काय असणार? तोच तो तुमचा फोटो.

हो, तुमचाच म्हटलं मी… टोमणा कसला! आजीच्या ट्रंकेच्या तळातून काढला मी, धूळ माझ्या नाकात गेली, शिंका मी दिल्या. आणि आठवड्याभरात फोटो तुझा झाला… नाही नाही, तू बोल. ऐकतेय मी.

काय?… मोठा करून घेणार? दिवाणखान्यात लावणार? कुणाला विचारून?… आईला विचारलंस. फोनवर… अगं पण…

हो, ऐकलं. बाळ्याचं नाक. ताई, तुझ्या लेकाच्या नाकाशिवाय मी दुसरं काही ऐकलेलंच नाही या दिवसांत! मावशीचा फोन, बाळ्याचं नाक. चुलतभावाचा फोन, बाळ्याचं नाक. अख्खी पलटण एका फोटोत उभी आहे, एकेकाचं तोंड शर्टाच्या बटणाएवढं. त्यात नाक दिसलं तुला?… भिंगातून. धन्य आहे.

हे बघ, आपल्याला मामा होता हे आजवर ठाऊक तरी होतं का? आई एकुलती एक, असंच ऐकत आलो. हा फोटो निघाला, आईने मागच्या रांगेतल्या एका शिपायावर बोट ठेवलं, ‘भाऊ’ म्हणाली, झालं! लगेच तू त्याला शूर केलंस, देखणा केलंस, आणि तुझ्या लेकाला त्याचा वारस करून मोकळी झालीस… मी जळतेय? हो, जळतेय! घे, बोलले एकदाची.

का म्हणजे? आईची औषधं मी बघते, पाठ मी चोळते, चिडचिड मी ऐकते. आणि तुझा फोन आला की तिचा चेहरा असा खुलतो, जशी काही मी या घरात भाड्याने राहते! तू आणलेली शाल कपाटात, तिची घडी मोडायची नाही. मी आणलेली अंगावर, तिच्यावर चहाचे डाग… हसू नकोस. अगं ऐक ना… नाही, तू ऐक…

काय गं आई?… थांब ताई, आई काहीतरी विचारतेय… मशीन लाव, आई. कानातलं मशीन!… अगं, फोटो सापडल्यापासून लावलंच नाहीये तिने, कान खाजतो म्हणून… हो, तुझ्याशी बोलली तेही तसंच. तू काय विचारलंस आणि ती कशाला ‘हो हो’ म्हणाली, देव जाणे.

हं, लावलं. आई, ताई विचारतेय, मामाचा फोटो मोठा करून घेऊ का?… मामा. आमचा मामा! तुझा भाऊ…

ताई, ती हसतेय… आई, अगं मग हा कोण?… काय?… मग ‘भाऊ’ का म्हणालीस?

ताई, आधी खाली बस. तो आईचा भाऊ नाहीये. वडील आहेत. आईचे वडील… अगं हो, आजोबा! त्यांची धाकटी भावंडं त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून सगळं घरच भाऊ म्हणायचं. आईसुद्धा… मलाही आत्ताच कळतंय! आजी म्हणायची ना, त्यांचा एकही फोटो नाही म्हणून? होता. तिला तो डोळ्यांसमोर नको होता म्हणे, ते लढाईवरून परत आले नाहीत तेव्हापासून…

हो, माझ्याही अंगावर काटा आलाय… नाही, आई बरी आहे. शांत बसलीये.

काय?… ताई, अजून नाकच?… बरं बाई, विचारते. आई, भाऊंचं नाक बाळ्यासारखं होतं का गं?… म्हणते, नाकाचं काही आठवत नाही. लहान होते मी… मग काय आठवतं?… हळू सांग, आई…

ताई, ती माझ्याकडे बोट दाखवतेय. म्हणते, ही काम करताना कपाळाला आठ्या घालते ना, तस्से. सगळी रांग हसतेय, हे एकटेच वैतागलेले… म्हणते, फोटो हातात घेतला तेव्हा आधी मीच दिसले तिला. भाऊ नंतर.

आहे, आहे, लाइनवरच आहे… रडत नाहीये. वाफ गेली डोळ्यांत… हो, इस्त्री बंद आहे. माहितीये मला!

थांब, अजून काही म्हणतेय… तरीही ताईलाच द्यायचा? का गं?… बरं… बरं, सांगते.

म्हणते, फोटो ताईला दे. तिच्याजवळ कुठे आहेत भाऊ? माझ्यासमोर तर दिवसभर वावरतात.

हे बघ ताई, पोस्टाने नाही हं पाठवणार. तू ये. चार दिवस राहा तिच्यापाशी, मग घेऊन जा… नाही, आता नाही जळत मी… तू? तू जळतेयस? माझ्यावर?… जळ गं. जळ थोडी. किती बरं वाटतंय मला, काय सांगू… ताई? हसतेयस की रडतेयस?… हॅलो?… हॅलो?…

आई, ठेवला तिने.