चिमामावशींची ओवी

फिरत फिरत वारूळवाडीत आलो आणि क्रिप्टोवाल्यांच्या बैठकीत नवखा म्हणून मागं बसलो. पुढं चिमामावशी बैठक भरवणाऱ्या आदेशला विचारत होत्या.

“मोबाईल विहिरीत पडला. माझे कॉइन बुडाले का रं?”

“नाय मावशी. तुमचे बारा गुप्त शब्द नव्या मोबाईलात टाकले की परत दिसत्यात. कागद कुठंय?”

“कागद कशाला? ओवीत बसवलेत मी.”

“मग हा घ्या नवा मोबाईल, टाका की.”

“गायल्याबिगर आठवत नाय.”

“इथं गाऊ नका. ज्यानं ऐकलं तो मालक व्हईल.”

“मग तुमी जा बाहेर.”

“चला राव. पावणं, तुमीबी उठा.”

बाहेर आदेशनं ट्रॅक्टर सुरू केला. त्या धडधडीत आम्ही सगळे उभे राहिलो. शेवटी दार उघडलं.

“बंद कर ते धूड. दिसले माझे कॉइन. आता नवे शब्द काढून कॉइन तिकडं हलवून दे, ह्या पावण्याचे कान लई लांब दिसत्यात.”